पहारेकऱ्यांचें शिक्षण

मूल जन्मास आल्यावर पहिल्या एकदोन दिवसांतच त्याच्या डाव्या दंडावर क्षयाची लस टोंचली जाते. कांहीं आठवड्यांनीं तेथें एक बारीकशी गांठ येते, ती फुटते, सुकते आणि तिचा वण जन्मभर राहतो. आपल्यापैकीं पुष्कळांच्या दंडावर तो आहे. त्या वणाकडे पाहून आपण एवढेंच म्हणतों कीं, लस लागली. परंतु लस लागली म्हणजे नेमकें काय झालें? लशींत प्रतिकार भरून ठेवलेला नसतो. तींत असतो तो केवळ एक दुबळा केलेला जंतु. त्याला ओळखावयाचें, त्याच्याशीं झुंजावयाचें आणि ती ओळख पुढें जपून ठेवावयाची, हें सारें काम बाळाच्या रक्तांतील पेशींनीं करावयाचें असतें. त्या पेशी तयार असतील तर लस लागते. तयार नसतील तर तोच दुबळा जंतु बाळाच्या जिवावर उठूं शकतो. म्हणून आज आपण असा प्रश्न विचारूं कीं, ह्या पेशी तयार होतात त्या कशा, आणि त्यांच्या तयारीवर देखरेख असते तरी कोणाची?

मुंबईला हा विषय परका नाहीं. १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोंचण्यांत आली. हिंदुस्थानांत यशस्वी झालेलें तें पहिलें लसीकरण. पुढें १८९६ सालीं मुंबईवर प्लेगचें संकट कोसळलें, तेव्हां वाल्डेमार हाफकिन ह्यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्याच अंगांत टोंचून घेतली. परळची हाफकिन संस्था आजही त्यांचें नांव चालवीत आहे. त्या काळीं लस गुण देते हें दिसत होतें. ती शरीरांतील कोणाच्या हातून गुण देते, हें मात्र पुरतें उमगलेलें नव्हतें.

शाळेंत आपण शिकतों कीं, तांबड्या पेशी प्राणवायु वाहतात व पांढऱ्या पेशी रोगजंतूंशीं लढतात. हें खरें, पण पांढरी पेशी ही एक जात नव्हे, तो अनेक जातींचा गोतावळा आहे. त्यांतील न्यूट्रोफिल नांवाच्या पेशी पहिल्या हांकेला धांवून जाणाऱ्या. कांटा रुतला कीं कांहीं तासांत त्या तेथें जमतात, जंतु गिळतात आणि स्वतःही मरतात. जखमेंतला पू म्हणजे बव्हंशीं त्यांचींच प्रेतें. त्यांचें आयुष्य फार थोडें, म्हणून निरोगी मनुष्याच्या हाडांतील मगज दररोज सुमारें १०० अब्ज नव्या न्यूट्रोफिल पेशी घडवीत असतो. दुसरा मोठा गट लिंफोसाइट पेशींचा. त्यांचे मुख्य वर्ग दोन: बी पेशी आणि टी पेशी. बी पेशी प्रतिपिंडें, म्हणजे जंतूला नेमकीं जाऊन चिकटणारीं प्रथिनें, तयार करतात. टी पेशींपैकीं कांहीं रोगग्रस्त पेशींचा नाश करतात, कांहीं इतर पेशींना हुकूम सोडतात, आणि कांहींचें काम तर असें कीं, लढाई फार पेटूं लागली म्हणजे ती आवरावयाची. ह्या सर्वांची आई मात्र एकच. हाडांच्या मगजांत राहणाऱ्या मोजक्या मूलपेशींपासून हा सारा वंशविस्तार होतो.

टी पेशींचें शिक्षण मगजांत पुरें होत नाहीं. त्यांचे पूर्वज रक्तावाटे छातीच्या हाडामागें असलेल्या एका ग्रंथींत जातात. तिला थायमस म्हणतात. मराठींत तिला यौवनलोपी ग्रंथि असें नांव आहे, कारण तारुण्य आलें कीं ती आक्रसूं लागते. १९६१ सालीं जॅक मिलर ह्या शास्त्रज्ञांनीं तिचें कार्य दाखवून देईपर्यंत ही ग्रंथि बहुतेकांना निरुपयोगी वाटत असे. वस्तुतः ती एक कडक परीक्षेची शाळा आहे. येथें प्रत्येक पेशीला दोन प्रश्न विचारले जातात. पहिला प्रश्न: शरीराच्या ओळखखुणा तुला वाचतां येतात काय? जिला त्या वाचतांच येत नाहींत, ती निरुपयोगी म्हणून मरते. दुसरा प्रश्न: ह्या आपल्याच खुणा पाहून तूं खवळून तर उठत नाहींस ना? जी फार खवळते ती पुढें स्वकीयांवरच शस्त्र धरील, म्हणून बहुधा तिचाही शेवट होतो. शंभर पेशी शाळेंत गेल्या तर जेमतेम चारपांच उत्तीर्ण होऊन बाहेर पडतात. इतका अपव्यय निसर्ग सहन करतो, यावरूनच ह्या परीक्षेचें महत्त्व ध्यानांत यावें.

बदलापूर ह्या नांवाची एक कथा त्या बाजूस सांगतात. जुन्या काळीं लांबच्या मजलेवर निघालेले स्वार येथें आपले दमलेले घोडे सोडून ताजे घेत, म्हणून हें बदलापूर. कथा खरी असो वा नसो, शिरगांव-कुळगांवच्या मंडळींना ती ठाऊक असते, आणि आपल्या विषयाला ती चांगली लागू पडते. मूलपेशीपासून तयार पेशीपर्यंतच्या वाटेवर अशीं अनेक बदलापुरें आहेत. प्रत्येक मुक्कामावर पेशीनें जुना घोडा सोडून नवा घ्यावयाचा असतो. म्हणजे आधींच्या अवस्थेंत चालूं असलेलीं जनुकें बंद व्हावयाचीं आणि पुढच्या अवस्थेचीं सुरू व्हावयाचीं असतात. नवा घोडा घेणें सोपें. जुन्याचा लगाम वेळेवर हातांतून सोडणें कठीण. दोन्ही लगाम धरून बसलेला स्वार पुढें जात नाहीं, पडतो.

हा लगाम सोडविण्याचें काम कसें होतें? मूलपेशी, न्यूट्रोफिल, बी पेशी, टी पेशी ह्या सर्वांच्या पोटांतील जनुकांची पोथी जवळजवळ एकच असते. ती डी. एन्. ए. ह्या द्रव्यावर लिहिलेली असून पेशीच्या केंद्रांत जपून ठेवलेली असते. जें प्रथिन हवें असेल त्यापुरत्या ओळींची एक नक्कल उतरून घेतली जाते. ती नक्कल आर्. एन्. ए. नांवाच्या द्रव्याची असते. ती केंद्राबाहेर येते आणि तेथें तिच्याबरहुकूम प्रथिन तयार होतें. पुष्कळ वर्षें अशी समजूत होती कीं, पेशीचा कारभार बव्हंशीं कोणत्या ओळींची नक्कल उतरावयाची ह्या एका निर्णयावर चालतो. नक्कल निघाली कीं प्रथिन झालेंच, असें मानण्याकडे कल होता.

पण आपल्याकडील लग्नाच्या पंगतींत काय होतें तें पाहा. आचाऱ्यानें जिलबी केली, वाढपी ती घेऊन आला, आग्रहही झाला. तरी जेवणारा पानावर आडवा हात धरतो आणि वाढणें तेथेंच थांबतें. पदार्थ किती शिजला यावर जसें कांहीं अवलंबून असतें, तसें पानावरच्या त्या हातावरही असतें. पेशींतही असा आडवा हात आहे. त्याचें नांव सूक्ष्म आर्. एन्. ए., म्हणजे इंग्रजींतला मायक्रो-आर्. एन्. ए.

ह्याचा शोध लागला तो रक्तांत नव्हे, मातींत राहणाऱ्या एका किड्यांत. सी. एलिगन्स नांवाचा हा पारदर्शक कृमि जेमतेम एक मिलिमीटर लांब असतो. अंड्यांतून निघाल्यावर ठराविक चार बाल्यावस्था ओलांडून तो प्रौढ होतो. त्याच्या एका वाणांत मात्र लिन-४ नांवाचें जनुक बिघडलेलें होतें, आणि तो कृमि पहिल्या अवस्थेचीच कामें पुनःपुनः गिरवीत बसे. त्याला नीटसें प्रौढपण येतच नसे. अमेरिकेंतील व्हिक्टर ॲम्ब्रॉस ह्यांनीं रोझलिंड ली व रोंडा फाइनबॉम ह्या सहकारी स्त्रियांसह ह्या जनुकाचा माग काढला. तेव्हां असें आढळलें कीं, तें कोणतेंच प्रथिन बनवीत नाहीं. तें बनवितें सुमारें २२ अक्षरांचा एक चिमुकला आर्. एन्. ए. गॅरी रुव्हकुन ह्यांनीं ह्याच कृमींतील लिन-१४ ह्या दुसऱ्या जनुकाचा अभ्यास चालविला होता. दोघांनीं आपापल्या अक्षरमाला ताडून पाहिल्या, तों ह्या चिमुकल्याचीं अक्षरें त्या दुसऱ्या जनुकाच्या नकलेशीं जुळत होतीं. १९९३ च्या डिसेंबरांत हे दोन्ही शोध एकाच अंकांत प्रसिद्ध झाले.

त्या वेळीं फारशी खळबळ उडाली नाहीं. एका किड्याची लहर, असेंच बहुतेकांस वाटलें. २००० सालीं रुव्हकुन ह्यांच्या प्रयोगशाळेंत लेट-७ नांवाचा दुसरा सूक्ष्म आर्. एन्. ए. सांपडला, आणि तो माशींत, माशांत व माणसांतही जसाच्या तसा असल्याचें दिसून आलें. मग मात्र शोधांचा पूर लोटला. २०२४ सालीं ॲम्ब्रॉस व रुव्हकुन ह्यांना वैद्यकशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या दृष्टीनें लक्षांत ठेवावयाची गोष्ट ही कीं, ह्या रेणूची पहिली ओळख झाली तीच मुळीं 'वेळेवर मोठें होण्याच्या' कामांत.

हा रेणु घडतो कसा, तें थोडक्यांत सांगतों. प्रथम केंद्रांत एक लांब धागा तयार होतो आणि तो स्वतःवरच दुमडून अंबाड्याच्या आंकड्यासारखा होतो. ड्रोशा नांवाचें एक विकर त्याचीं लोंबतीं टोंकें कापतें. मग तो केंद्राबाहेर येतो आणि डायसर नांवाचें दुसरें विकर त्याचें वळण कापून टाकतें. उरलेल्या दुपदरी तुकड्यांतील एक पदर आर्गोनॉट ह्या प्रथिनाच्या मुठींत बसतो, आणि ही जोडी पेशींतील नकला चांचपीत फिरूं लागते. तुकड्याच्या आरंभाचीं सातआठ अक्षरें जिच्याशीं जुळतील ती नक्कल पकडली जाते. तिच्यावरून प्रथिन बनणें मंदावतें आणि पुष्कळदां ती नक्कलच लौकर नाश पावते. जुळणी इतकी थोडी लागत असल्यामुळें एकच सूक्ष्म आर्. एन्. ए. शेंकडों निरनिराळ्या नकलांना हात लावूं शकतो. मनुष्याच्या प्रथिनें बनविणाऱ्या जनुकांपैकीं निम्म्याहून अधिक जनुकें अशा कोणत्या ना कोणत्या तुकड्याच्या देखरेखीखालीं आहेत. प्रत्येकाचा परिणाम मात्र सौम्य असतो. एखादें प्रथिन निम्म्यावर आलें तर तें पुष्कळच झालें. आमटींत मीठ चिमूटभर कमीजास्त व्हावें, तसा हा फरक. पण चिमूटभर मिठानें आमटीचें काय होतें, हें घरोघर माहीत आहे.

आतां रक्ताकडे वळूं. २००४ सालीं अमेरिकेंतील डेव्हिड बार्टेल व हार्वे लोडिश ह्यांच्या प्रयोगशाळांनीं उंदरांच्या रक्तपेशींत तीन सूक्ष्म आर्. एन्. ए. विशेषेंकरून आढळतात असें दाखविलें. ह्या रेणूंना बहुधा नांवें नसून क्रमांक असतात. हे तीन म्हणजे १४२, १८१ आणि २२३. त्यांपैकीं १८१ हा मगजांतील अपक्व पेशींत वाढवितांच बी पेशींची संख्या वाढली. रक्ताच्या कोणत्या शाखेला किती फुटवा यावा, ह्यांत ह्या रेणूंचा हात आहे, हें त्यावरून प्रथम कळलें. पुढच्याच वर्षीं दुसऱ्या शास्त्रज्ञांनीं उंदरांच्या टी पेशींतून डायसर हें विकर काढून टाकलें, म्हणजे सारेच सूक्ष्म आर्. एन्. ए. एकदम बंद पाडले. थायमसमधील पेशींची संख्या फार घटली. २००८ सालीं केवळ लढाई आवरणाऱ्या टी पेशींतूनच डायसर काढलें गेलें, तेव्हां उंदरांच्या शरीरांत अक्षरशः यादवी माजली. त्यांच्या पेशींनीं स्वकीयांवरच हल्ला चढविला आणि ते मेले.

एकेका रेणूची कामगिरी पाहिली म्हणजे हें चित्र अधिक स्पष्ट होतें. क्रमांक १५० घ्या. हा तयार झालेल्या बी व टी पेशींत भरपूर असतो, पण त्यांच्या अपक्व पूर्वजांत नसतो. मिब नांवाचें एक प्रथिन ह्या पूर्वजांना आवश्यक असतें. त्यावांचून त्यांची वाढच होत नाहीं. १५० हा त्या मिबच्या नकलेवर आडवा हात धरतो. पेशी तयार होत आली कीं १५० येतो आणि मिब ओसरतें. २००७ सालीं शास्त्रज्ञांनीं हाच १५० अपक्व पेशींत वेळेआधींच भरला. परिणाम असा झाला कीं, बी पेशींची वाढ अर्ध्या वाटेवरच अडली. रेणु तोच, काम तेंच. फक्त वेळ चुकली. जुना घोडा सोडावयाचाच असतो, परंतु नवा मिळण्यापूर्वीं सोडला तर स्वार रानांत अडकून पडतो.

क्रमांक १८१ चें काम अधिक नाजूक. थायमसच्या परीक्षेंत बसलेल्या कोंवळ्या टी पेशींत हा फार असतो आणि पेशी उत्तीर्ण झाल्यावर कमी होतो. पेशीची संवेदना बोथट करणारीं कांहीं प्रथिनें असतात. हा त्यांना दाबून धरतो. त्यामुळें परीक्षेच्या वेळीं पेशीचे कान तीक्ष्ण होतात आणि शरीराच्या ओळखखुणेची कुजबूजही तिला ऐकूं येते. २००७ सालच्या प्रयोगांत हा रेणु दाबतांच दोन्ही परीक्षा बिघडल्या. ज्या पेशी स्वकीयांवर खवळणाऱ्या म्हणून गाळल्या जावयाच्या, त्यांच्या कानीं खूणच नीट गेली नाहीं आणि त्या निसटूं लागल्या. पुढें २०१२ सालीं माणसांच्या रक्तावर झालेल्या अभ्यासांत असें दिसलें कीं, वाढत्या वयाबरोबर नव्या टी पेशींतील १८१ चें प्रमाण उतरतें आणि त्या मंद प्रतिसाद देऊं लागतात. आजीआजोबांना लस तरुणांइतकी चांगली कां लागत नाहीं, ह्याच्या अनेक कारणांपैकीं हें एक असावें.

क्रमांक २२३ हा न्यूट्रोफिल पेशींचा. २००८ सालीं हा रेणु नसलेले उंदीर तयार करण्यांत आले. त्यांच्या रक्तांत न्यूट्रोफिल वाढले, आणि ते साध्या चिथावणीनेंही भडकूं लागले. इतके कीं, कसलाही संसर्ग नसतां त्या उंदरांच्या फुप्फुसांत दाह होऊं लागला. ह्याच्या उलट क्रमांक १५५. तो नसलेल्या उंदरांना २००७ सालीं लस टोंचून पाहिली तेव्हां त्यांना त्या लशीपासून पुरेसें संरक्षण मिळालें नाहीं. मग १५५ जितका अधिक तितका चांगला म्हणावा, तर तेंही नाहीं. त्याच्या आदल्या वर्षीं ज्या उंदरांच्या बी पेशींत तो अतोनात वाढविण्यांत आला, त्यांना रक्ताचा कर्करोग झाला होता.

ह्या सर्व प्रयोगांतून एक गोष्ट निघते, आणि ती आपल्या नित्याच्या बोलण्याला थोडी बाधक आहे. २०२० च्या साथीपासून 'प्रतिकारशक्ति वाढविणें' हा शब्दप्रयोग घराघरांत शिरला. काढे, चूर्णें, गोळ्या ह्यांच्या जाहिराती त्याच शब्दावर चालतात. जणूं प्रतिकारशक्ति ही रांजणांतील पाण्यासारखी असून ती कांठोकांठ भरली कीं झालें. वस्तुतः ती तशी एकजिनसी वस्तूच नाहीं. न्यूट्रोफिल वाढले तर फुप्फुसें जळतात, टी पेशींचा आवर सुटला तर सांध्यांवर किंवा स्वादुपिंडावर हल्ला होतो, १५५ वाढला तर कर्करोग. आमवाताचे रोगी आणि लहानपणींच मधुमेह जडलेलीं मुलें ह्यांना प्रतिकार कमी पडलेला नसतो. त्यांचा प्रतिकार चुकीच्या दिशेनें धांवलेला असतो. निसर्गानें शेंकडों सूक्ष्म रेणु ह्या कामावर नेमले आहेत ते मुख्यतः वाढविण्यासाठीं नव्हेत, बेतांत ठेवण्यासाठीं. पुरेसें अन्न, पुरेशी झोंप, तंबाखूपासून दूर राहणें आणि वेळेवर लस, ह्यांनीं ही व्यवस्था सांभाळली जाते. त्यापलीकडे तिला चाबूक मारण्याचें औषध बाजारांत मिळतें, ह्या समजुतीला आधार नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांतही ह्या प्रश्नावर मोलाचें काम झालें आहे. पुण्यास गणेशखिंडींत, विद्यापीठाच्या आवारांत, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तेथें डॉक्टर वैजयंती काळे, डॉक्टर ललिता लिमये व त्यांचे सहकारी ह्यांनीं रक्ताच्या मूलपेशींचें म्हातारपण हा विषय हातीं घेतला. मूलपेशी मगजांत एकट्या राहत नाहींत. आधार देणाऱ्या दुसऱ्या पेशींच्या शेजारांत राहतात. ह्या शेजारणी सूक्ष्म पुरचुंड्या बाहेर सोडतात आणि मूलपेशी त्या पोटांत घेतात. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत असें दाखविलें आहे कीं, म्हाताऱ्या उंदरांच्या शेजारपेशींच्या पुरचुंड्यांत सूक्ष्म आर्. एन्. ए. क्रमांक १७ व ३४ अधिक असतात. पेशी आपल्या पोटांतील मोडतोड झालेलें सामान विघटित करून पुन्हां वापरीत असते. ही घरझाड बंद पडली कीं मूलपेशी वृद्ध होते. हे दोन रेणु नेमकी तीच घरझाड मंद करतात. उलट, तरुण उंदरांच्या पेशींच्या पुरचुंड्या मिळतांच म्हाताऱ्या मूलपेशींत पुन्हां जोम आला. वार्धक्य हें केवळ स्वतःचें नसतें, शेजाराचेंही असतें, असा ह्याचा अर्थ.

येथें एक गंमत पाहा. ज्या क्रमांक १७ मुळें म्हाताऱ्या मूलपेशी थकतात, तो आणि त्याचीं भावंडें नसलीं तर, २००८ सालच्या प्रयोगाप्रमाणें, उंदरांच्या बी पेशी वाढीच्या आरंभींच मरूं लागतात. एके ठिकाणीं जो घातक तोच दुसऱ्या ठिकाणीं तारक. म्हणून ह्या रेणूंत चांगला कोणता आणि वाईट कोणता, हा प्रश्नच निरर्थक ठरतो. कोणत्या पेशींत, कोणत्या वेळीं, किती, हे तीन प्रश्न विचारावे लागतात.

औषधें बनविणारांना हा धडा महाग पडला. क्रमांक ३४ हा कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखतो असें प्रयोगशाळेंत दिसल्यावरून त्याची कृत्रिम प्रत तयार करून २०१३ पासून अमेरिकेंत रुग्णांना देण्यास आरंभ झाला. कांहींच्या गांठी लहानही झाल्या. परंतु कित्येकांच्या प्रतिकार-पेशींनीं उग्र रूप धारण केलें, चार रुग्ण दगावले आणि २०१६ सालीं तो प्रयोग थांबवावा लागला. सूक्ष्म आर्. एन्. ए. चें औषध म्हणून सर्रास वापरावें असें आजपर्यंत कांहीं हातीं आलेलें नाहीं. रोगनिदानासाठीं रक्तांतील ह्या रेणूंचें मापन करण्याचे प्रयत्न चालूं आहेत. पण कोणी आपल्या आजारावर ह्याच नांवानें महागडी तपासणी वा उपचार सुचविला, तर आधीं आपल्या नेहमींच्या डॉक्टरांस विचारावें.

मग आपणां गृहस्थांना ह्या ज्ञानाचा आज उपयोग काय? एक उपयोग फार मोठा आहे, आणि तो आरंभीं सांगितलेल्या त्या दंडावरच्या लशीशीं निगडित आहे. कांहीं बालकें अशीं जन्मतात कीं, त्यांच्यांत टी पेशी तयारच होत नाहींत. दोष बहुधा सूक्ष्म आर्. एन्. ए. चा नसून एखाद्या मूळ जनुकाचा असतो. पण अडथळा येतो तो आपण पाहिलेल्या त्याच वाटेवर, एखाद्या मुक्कामावर घोडा न मिळाल्यामुळें. असें मूल जन्मतः गुटगुटीत दिसतें, कारण आईकडून आलेलीं प्रतिपिंडें कांहीं महिने त्याला पुरतात. मग तोंडांत वारंवार पांढरा बुरा येतो, न्यूमोनिया पुनःपुनः होतो, जुलाब थांबत नाहींत, वजन वाढेनासें होतें. आणि क्षयाची लस टोंचलेली जागा चिघळते किंवा कांखेंत गांठी येतात. उपचार न झाल्यास अशीं मुलें बहुधा एकदोन वर्षांच्या आंतच जातात. पूर्वीं घरांतून "मूल लाभलें नाहीं" एवढेंच म्हणून डोळे पुसले जात. दुसरें गेलें, तिसरें गेलें, तरी कारण कळत नसे. मामाच्या मुलीशीं किंवा तशाच नात्यांत लग्न झालेलीं असतील, तर अशा कांहीं दोषांचा संभव अधिक.

ह्या रोगाची एक सुरेख तपासणी निघाली आहे. टी पेशी थायमसमध्यें शिकत असतांना आपल्या डी. एन्. ए. चा एक तुकडा कापून टाकते आणि त्या तुकड्याचें लहानसें कडें बनतें. हें कडें म्हणजे शाळेंत गेल्याचा दाखलाच. बाळाच्या टांचेंतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांत अशीं कडीं मोजतां येतात. तीं नसलीं तर शाळाच भरलेली नाहीं हें कळतें. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यानें २००८ सालीं सर्व नवजात बालकांची ही तपासणी सुरू केली. आपल्याकडे ती सरसकट केली जात नाहीं. पण साधी रक्ततपासणी कोणत्याही गांवीं होते. तान्ह्या बाळाच्या एका घन मिलिमीटर रक्तांत लिंफोसाइट पेशी सुमारें ३००० हून कमी भरल्या, तर तें दुर्लक्ष करण्यासारखें नाहीं. पुढील निदानासाठीं परळला के. ई. एम्. रुग्णालयाच्या आवारांत नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्यूनोहिमॅटॉलॉजी ही संस्था आहे, आणि जवळच मुलांचें वाडिया रुग्णालय आहे. दोन्हीकडे ह्या विकारांची विशेष पारख होते. शिरगांवच्या एखाद्या घरांतून बाळाला घेऊन निघालेल्या आईला तो लोकलचा सुमारें दीड तासाचा प्रवास. पहिल्या तीनचार महिन्यांत, संसर्ग जडण्यापूर्वीं, दुसऱ्याच्या निरोगी मगजाचें रोपण झालें तर अशीं बहुतेक मुलें वांचतात. सहा महिने 'दांत येत असतील' म्हणून वाट पाहिली, तर तीच संधि हातची जाते.

याचा अर्थ कोणी असा मात्र करूं नये कीं, लस टाळावी. असलीं मुलें फार थोडीं. क्षयाचे जंतु मात्र आपल्या वस्त्यांत सर्वत्र आहेत, आणि ती लस लहान मुलांना मेंदूच्या क्षयासारख्या भयंकर रोगापासून वांचविते. सांगावयाचें इतकेंच कीं, ज्या घरांत पूर्वीं एखादें मूल वारंवारच्या संसर्गानें तान्हेपणीं गेलें असेल, त्या घरीं पुढचें बाळंतपण असेल तेव्हां ती हकीकत लस टोंचण्यापूर्वीं डॉक्टरांच्या कानांवर अवश्य घालावी. अशी गोष्ट शुभप्रसंगीं काढूं नये, अशी आपल्याकडे रीत आहे. ह्या एका बाबतींत ती रीत मोडावी. आजीनें आठवणीनें सांगितलेल्या दोन वाक्यांनीं डॉक्टर सावध होतात, सुई दोन दिवस लांबते, रक्त तपासलें जातें. आणि ज्या मुलाचे पहारेकरी अजून शाळेंतच गेलेले नाहींत, त्याला ते मिळवून देण्यास वेळ मिळतो.